रात्रीची गाडी आणि आईचे कान

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट. रात्रीचे दोन-अडीच वाजले असतील. पाणी प्यायला उठले तर गॅलरीचं दार उघडं, आणि आई तिथल्या खुर्चीत शाल गुंडाळून बसलेली. "अगं, एवढ्या थंडीत काय बसलीस? झोप येत नाही का?" मी दारातूनच विचारलं. ती काही बोलली नाही. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकली, आणि मग बोट वर करून म्हणाली, "ऐक. गाडी."

मी कान दिला. आधी काहीच नाही. मग नाशिकरोडच्या बाजूने लांबवर भोंगा, आणि त्याच्या मागोमाग तो घुमणारा, जमिनीतून आल्यासारखा आवाज. मालगाडी असावी, कारण तो संपता संपेना. गाडी पूर्ण जाईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो. माझ्या घशाशी काहीतरी दाटून आलं. त्या दोन मिनिटांत मी नाशिकच्या चौथ्या मजल्यावर नव्हतेच, भुसावळला होते.

माझं बालपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. वडील, म्हणजे आमचे आप्पा, मालगाडीवर गार्ड होते. (२०२२ पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. आप्पा असते तर पोट धरून हसले असते.) भुसावळच्या माणसाला गाडीचा आवाज वेगळा असा ऐकू येतच नाही. मुंबईकडून आलेला मार्ग तिथे फुटतो, एक नागपूरकडे जातो, एक खंडव्याकडे. यार्डात चोवीस तास शंटिंग चालायचं. एक डबा दुसऱ्यावर आदळला की तो आवाज गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जायचा. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की आम्ही सगळे अंगणात बाजा टाकून झोपायचो, आणि पडल्या पडल्या कळायचं की खंडव्याकडची गाडी तापीच्या पुलावर चढली. जमिनीवरून येताना गाडीचा आवाज भरीव असतो, पुलावर तो एकदम पोकळ होतो. तो पोकळ आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो.

रात्री-अपरात्री कॉलबॉय यायचा. सायकलची घंटी, दारावर थाप, टॉर्चच्या उजेडात वहीवर सही. आप्पा मुकाट्याने उठायचे. त्यांच्या पेटीत हातदिवा, लाल-हिरव्या झेंड्या आणि रुळावर लावायचे फटाके असत. आई कळण्याची भाकरी आणि लसणाची चटणी बांधून द्यायची. परत कधी येणार, हे कोणीच कोणाला विचारत नसे, कारण मालगाडीला वेळापत्रक नसतं आणि आमच्याकडे फोन नव्हता. बारा तास, अठरा तास, कधी दीड दिवस. मग दुसऱ्या रात्री पुलाचा आवाज आला की आई म्हणायची, "आली बघ तुझ्या आप्पांची गाडी," आणि स्टोव्ह पेटवायची. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ती चुकायची. चहा उकळून उकळून काढा व्हायचा आणि शेवटी आम्हीच तो प्यायचो. पण तिचं म्हणणं ठाम, की तिला गाडी ओळखू येते.

म्हणून त्या डिसेंबरच्या रात्री मी मनाशी दोन निष्कर्ष काढले. एक, आईला आप्पांची आठवण येते. दोन, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आईचे कान माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहेत. डॉक्टर असून दोन्ही ठिकाणी चुकले. दुसरी चूक तर महागात पडली असती. पण ते सांगण्याआधी, रात्रीच गाडी का ऐकू येते ते बघू.

आमच्या घरापासून रेल्वेमार्ग सरळ रेषेत तीनएक किलोमीटर लांब आहे. गाड्या दिवसभर जातात, पण दुपारी एकही ऐकू येत नाही. रात्री रस्ते शांत असतात हे एक कारण, पण तेवढंच नाही. आवाज गरम हवेत थोडा वेगाने जातो आणि थंड हवेत थोडा हळू. शून्य अंशाला सेकंदाला साधारण ३३१ मीटर, आणि पुढे दर अंशाला सुमारे ०.६ मीटर जास्त. दिवसा जमीन तापलेली, तिच्यालगतची हवा गरम आणि वर थंड. अशा वेळी आवाजाची लाट वरच्या बाजूला वळते आणि आपल्या डोक्यावरून निघून जाते. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते. मग खाली थंड हवा आणि तिच्यावर तुलनेने गरम हवा, असा उलटा थर तयार होतो. आता तीच लाट पुन्हा जमिनीकडे वळते आणि लांबवर जाऊन पोचते. निफाडकडे थंडीत द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटवतात, तेव्हा पहाटे धूर वर न जाता बागेवर चादरीसारखा पसरलेला कधी पाहिला असेल, तर तो हाच थर.

आणखी एक. हवा सगळे आवाज सारखे शोषत नाही. बारीक, उंच पट्टीचे आवाज वाटेत विरतात, जाड आणि खालच्या पट्टीचे टिकतात. म्हणून तीन किलोमीटरवरून चाकांचा खडखडाट येत नाही, येते ती फक्त घरघर आणि भोंगा. फाटकाच्या आधी रुळालगत 'सी/फा' लिहिलेली पिवळी पाटी असते, म्हणजे सीटी आणि फाटक. ती दिसली की ड्रायव्हरला भोंगा द्यावाच लागतो. आपण रात्री ज्या आवाजाने हळवे होतो, तो प्रत्यक्षात फाटकावरच्या कोणाला तरी दिलेला इशारा असतो.

जाड आवाज पोचतात, बारीक विरतात. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

गाडीच्या आवाजाने आपण इतके का हलतो? कानातून आलेला आवाज मेंदूत गेल्यावर फक्त 'हा भोंगा आहे' एवढी ओळख पटवून थांबत नाही. भावना हाताळणारा अमिग्डाला आणि आठवणी जुळवणारा हिप्पोकॅम्पस यांनाही त्याची खबर लागते. लहानपणी आणि तरुणपणी एखादा आवाज ठरावीक परिस्थितीत पुन्हा पुन्हा ऐकला असेल, तर तो आवाज आणि ती परिस्थिती एकत्र बांधली जाते. पुढे आवाज आला की सगळं गाठोडंच सुटतं, त्यात बाजेची काथ्याची वीण, स्टोव्हच्या रॉकेलचा वास, आप्पांच्या खाकोटीतली पेटी. आणि म्हातारपणी लोकांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या तर साधारण दहा ते तीस वर्षांच्या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात, असं मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळलं आहे. आईचं लग्न एकविसाव्या वर्षी झालं. तिची ती सगळी वर्षं भुसावळच्या यार्डाशेजारी गेली.

या भावनेला इंग्रजीत नोस्टॅल्जिया म्हणतात, आणि हा शब्द मुळात आमच्या धंद्यातला आहे. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तो घडवला. ग्रीक भाषेत नोस्टोस म्हणजे घरी परतणं आणि आल्गोस म्हणजे वेदना. परमुलखात नोकरीला गेलेली स्विस माणसं, विशेषतः भाडोत्री सैनिक, घराच्या ओढीने झुरत, खाणं सोडत. होफरच्या मते हा चक्क आजार होता. पुढे रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात लिहिलं आहे, की स्विस गुराख्यांची एक धून त्या सैन्यात वाजवायला बंदी होती, कारण ती ऐकली की सैनिक रडू लागत, पळून जात किंवा मरत. त्यातलं खरं किती आणि दंतकथा किती ते सोडा. एक आवाज माणसाला घरी ओढून नेतो, हे त्यांनी अचूक टिपलं होतं.

आज याला आजार मानत नाहीत. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरीच वर्षं काम केलं आहे. एकटं वाटू लागलं की माणूस जुन्या आठवणींकडे वळतो, आणि त्या आठवणी त्याला पुन्हा माणसांशी जोडल्यासारखं वाटायला मदत करतात, असा त्याचा ढोबळ अर्थ. मराठीत आपण 'स्मरणरंजन' म्हणतो. मला तो शब्द फारसा पटत नाही. त्यात रंजन आहे, पण कळ नाही. 'गतकातर' जवळचा वाटतो.

आता माझ्या चुकीकडे येते.

आप्पा गेल्यावर आई पाचेक वर्षं भावाकडे होती, मग माझ्याकडे आली. आली तेव्हा बोलकी होती. हळूहळू जेवणाच्या टेबलावर गप्प बसायला लागली. काही विचारलं की हसून "बरं बरं" म्हणायची. माझा मुलगा विनोद सांगायचा, सगळे हसले की एक क्षण थांबून ती हसायची. टीव्ही लावून ठेवायची पण मालिकेत काय झालं ते सांगता यायचं नाही. मी मनात म्हटलं, वय झालं, लक्ष लागत नाही.

जानेवारीत मी तिची रक्तदाबाची गोळी बदलली. भाजी चिरता चिरता, तिच्याकडे पाठ करून सांगितलं, की जुन्या पाकिटातली थांबव आणि ही नवी सुरू कर. ती "बरं" म्हणाली. पाच दिवस तिने दोन्ही गोळ्या घेतल्या. सहाव्या दिवशी पहाटे बाथरूममध्ये तिला भोवळ आली. नशीब की बेसिन हाताशी लागलं, नाहीतर या वयात खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं. आणि मी काय केलं? "तुला सांगितलं होतं ना!" म्हणून तिच्यावर ओरडले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. तिला आठवत नव्हतं असं नाही. ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, आणि तसं म्हणायचा तिला धीर नव्हता.

मला स्मृतिभ्रंशाची शंका आली. एका न्यूरॉलॉजिस्ट मित्राकडे तिला नेलं. त्याने समोरासमोर गप्पा मारल्या, त्यात आई फर्डी निघाली. मग त्याने सहज म्हणून फाईल तोंडासमोर धरली आणि त्याच आवाजात विचारलं, "आज काय जेवलात?" आई हसून म्हणाली, "हो, तुमच्या कृपेने बरं आहे."

फाईल खाली ठेवून तो मला म्हणाला, "आधी हिचे कान तपास."

"कान? अरे, तिला तीन किलोमीटरवरची गाडी ऐकू येते. रात्री!"

"म्हणूनच," तो म्हणाला.

आतल्या कानात कॉक्लिआ नावाची शंखासारखी गुंडाळलेली नळी असते, उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. तिच्यात हजारो केसपेशी ओळीने बसलेल्या असतात. दाराजवळच्या पेशी बारीक, उंच पट्टीचे आवाज टिपतात आणि शंखाच्या टोकाकडच्या पेशी जाड, खालच्या पट्टीचे. वयानुसार झीज सुरू होते ती साधारणपणे दाराजवळून. या पेशी माणसात एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. टोकाकडच्या मात्र बऱ्याच काळ शाबूत राहतात. म्हणजे वाढत्या वयाचा कान तेच करतो जे रात्रीची हवा करते. जाड आवाज ठेवतो, बारीक घालवतो.

आणि आपली भाषा? स्वर जाड आणि दमदार असतात. शब्दाचा नेमका अर्थ ठरवणारी स, श, च, फ, त यांसारखी व्यंजनं बारीक आणि अशक्त असतात. 'साठ' म्हटलं आणि स हरवला की 'आठ' उरतो. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. म्हणून अशी माणसं "मला ऐकू येतं, तुम्हीच नीट बोलत नाही" म्हणतात, आणि त्यांच्या बाजूने ते खरंच असतं. घरचे म्हणतात, "हिला हवं तेवढं बरोबर ऐकू येतं." हे वाक्य माझ्या दवाखान्यात मी शेकडो वेळा ऐकलं असेल. माझ्याच घरात मी ते मनातल्या मनात म्हणत होते.

आईच्या ऑडिओग्रामचा कागद माझ्याकडे आहे. डावीकडे, २५० आणि ५०० हर्ट्झला, रेघ जवळजवळ ठीक. १००० च्या पुढे घसरायला लागते आणि ४००० ला पार खाली, ७० डेसिबलपाशी. घाट उतरल्यासारखी. गाडीचा भोंगा काही शे हर्ट्झचा, म्हणजे घाटमाथ्यावर. माझं सगळं बोलणं दरीत.

तुमच्या घरी कोणी असं असेल तर एवढं करा. ओरडू नका. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात आणि माणूस दुखावतो. समोर येऊन, तोंडावर उजेड पडेल असं उभं राहून, जरा सावकाश बोला. कानात मळ साठला आहे का ते बघून घ्या, कधी कधी प्रश्न तेवढाच असतो. मग ऑडिओग्राम. एका कानाचं ऐकू येणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं तर मात्र ती तातडीची बाब आहे, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. आणि स्मृतीची तोंडी चाचणी घेण्याआधी कान तपासा, कारण प्रश्नच ऐकू आला नाही तर उत्तर चुकणारच. कमी ऐकू येणं हा स्मृतिभ्रंशाचा, ज्यावर उपाय करता येतो असा एक धोक्याचा घटक म्हणून लॅन्सेटच्या तज्ज्ञ समितीने २०१७, २०२० आणि २०२४ अशा तिन्ही अहवालांत नोंदवला आहे. याचा अर्थ प्रत्येक कमी ऐकणाऱ्याला स्मृतिभ्रंश होतो असा नाही. पण माणूस गप्पांमधून बाहेर पडला की मेंदूला काम कमी आणि एकटेपण जास्त मिळतं, हे कळायला अहवाल लागत नाही.

दोन्ही कानांना मशीन बसवलं. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "तुझी चप्पल एवढी वाजते?" भांड्यांचा आवाज सोसेना, स्वतःचाच आवाज परका वाटायचा. दोनदा तिने मशीन डबीत ठेवून दिलं. मेंदूला त्या विसरलेल्या आवाजांची पुन्हा सवय व्हायला काही आठवडे जातात, हे मी इतरांना नेहमी सांगते. घरी सांगताना जास्त वेळा सांगावं लागलं. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी ती मुलाच्या विनोदावर सगळ्यांच्या आधी हसली. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच नळ सोडून उभी राहिले.

ती मला म्हणाली होती, "जावयाच्या घरी सारखं काय काय म्हणून विचारायला बरं वाटत नाही गं." माझा नवरा तिला स्वतःच्या आईसारखा जपतो. पण तिच्या पिढीच्या बाईला मुलीचं घर हे आपलं घर वाटत नाही, आणि ऑडिओग्रामवर ते दिसत नाही.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा एकदा आम्ही दोघी गॅलरीत बसलो होतो. अकराचा सुमार, मशीन अजून तिच्या कानात. नाशिकरोडकडून भोंगा आला. मी विचारलं, "आप्पांची आठवण येते ना गाडी ऐकून?"

"त्यांची तर दिवसाही येते," ती म्हणाली. "गाडीचं वेगळं."

मग तिने सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी तिसरीत असताना पावसाळ्यात एका रात्री अकरानंतर खंडव्याच्या बाजूने एकही गाडी आली नाही. बारा वाजले, दोन वाजले, चार वाजले. पुलाचा आवाज नाही. कॉलनीतल्या बायका एकेक करत अंगणात येऊन उभ्या राहिल्या, कोणी काही बोलेना. पुढे कुठेतरी रुळाखालची माती वाहून गेली होती. कोणाला काही झालं नव्हतं. आप्पा दुसऱ्या दिवशी दुपारी चिखलाने माखून आले.

"मी त्यांची गाडी ओळखायचे असं तुला वाटायचं," आई म्हणाली. "मालगाडी कशी ओळखू येणार? सगळ्या सारख्याच. तुम्ही पोरं घाबरू नये म्हणून म्हणायचे. मला फक्त गाडी ऐकायची असायची. कोणतीही. गाडी आली म्हणजे लाईन चालू आहे."

मी काहीच बोलले नाही. तिने मशीन काढून डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि शाल नीट केली. मी तिच्या समोर जाऊन, गॅलरीच्या दिव्याकडे तोंड करून विचारलं, "चल, झोपायचं?"

"तू जा," ती म्हणाली. "अजून एक येऊ दे."